माहेरचं लुगडं येईपर्यंत

कामिनी अकरा वर्षांपासून एकच काम करत होती. सकाळी सातला हुडकेश्वरच्या घरून स्कूटीवर निघायचं आणि एका खासगी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या दाराशी टेबल मांडून बसायचं. टेबलावर एक फोन, एक रजिस्टर. आतल्या माणसाची खबर बाहेरच्यांना कळवायची.

आमच्या मुलखात मरणाची खबर फोनवर कोणी देत नाही. माणूस गेला असला तरी 'तब्येत जास्त आहे, निघून या' एवढंच सांगायचं, म्हणजे ऐकणारा वाटेत कोसळत नाही. कामिनीनं हे वाक्य किती घरांना सांगितलं त्याची गणती नाही. एकदा ते तिलाही सांगितलं गेलं होतं. चार तास एसटीत ती मांडीवर मोसंबीची पिशवी धरून बसली होती, बापाला रस काढून द्यायचा म्हणून. गावात उतरली तर अंगणात तिरडीचे बांबू तोडणं चाललं होतं. त्या चार तासांच्या आशेसाठी तिनं कोणालाच माफ केलं नाही. स्वतःही तेच करत राहिली.

दसऱ्यानंतर दवाखान्यानं एक प्रशिक्षक बोलावला. तो म्हणाला, ध्येय लहान ठेवा, मोजता येईल असं ठेवा, तारीख घाला, आणि कागद खिशात बाळगा. आणि लोकांशी बोलताना आहे ते, आहे तसं, आपल्या आवाजात बोला. नर्स मेघानं लिहिलं, 'दिवाळीपर्यंत चार किलो कमी.' कामिनीनं बराच वेळ पेन धरून ठेवला आणि लिहिलं, 'दिवाळीपर्यंत फोनवर एकही खोटं नाही.'

मेघा हसली. "तुहं तर माह्यापेक्षा कठीण हाय वं."

बारा दिवस तिनं ते पाळलं. तेराव्या दिवशी सकाळी चार नंबरच्या तुळसाबाईचा श्वास बिघडला. भिवापूरकडच्या एका गावची म्हातारी, फुप्फुसात पाणी झालेलं. मुलगा विश्वनाथ, तिचा इसू, आठवडाभर जिन्यात झोपला होता. सोयाबीन कापून पडलं आणि आभाळ भरून आलं, म्हणून आदल्याच दिवशी गावी गेला होता. डॉक्टर म्हणाले, "बोलावून घ्या. दुपारपर्यंत काढतील, पुढचं सांगता येत नाही."

दहा वाजले होते. विश्वनाथचा फोन लागेना. रजिस्टरमध्ये दुसरा नंबर होता, त्याच्या चुलतकाकाचा, भैय्याजींचा. कामिनीनं तो लावला. एरवी जिवंत माणसाबद्दल ती 'रुग्णाची प्रकृती चिंताजनक आहे' असं कोरडं बोलायची. आज आपल्या बोलीत बोलली, हळू, घरच्यासारखी.

"काकाजी, तुळसाबाईची तब्येत लय जास्त हाय. पण त्या जित्या हायेत, शुद्धीत हायेत. पोराची आठवण काढून राहिल्या. आत्ताच्या आत्ता पाठवा त्याले."

पलीकडून भैय्याजी म्हणाले, "समजलं बाई. तुमचे उपकार हायेत."

कामिनी आत गेली. तुळसाबाईनं मास्क सरकवून विचारलं, "इसू आला का?"

"येऊन राहिला, मावशी."

ते तिचं तेरा दिवसांतलं पहिलं खोटं होतं. तिला तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

गावाहून दवाखाना दीड-दोन तासांचा. बारा वाजले, कोणी आलं नाही. एकला तिनं पुन्हा फोन लावला.

"निघतोच हाओत बाई," भैय्याजी म्हणाले. "पवनीहून लुगडं यायचं हाय."

"काहाचं लुगडं?"

भैय्याजींच्या मागे बायांची कुजबुज, एका गाडीचं इंजिन. कामिनी खुर्चीतून उठली. मेलेल्या बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, आणि ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. तुळसाबाईचं माहेर पवनीचं होतं.

"काकाजी! त्या जित्या हायेत हो! इसूले फोन द्या."

"पोराले अजून सांगतलं नाई बाई. तुमी इतक्या मायेनं बोलल्या तवाच मी समजलो. दवाखान्यातलं कोणी असं बोलते का? तुमी नका कायजी करू."

फोन बंद झाला. मग तो लागलाच नाही. अशा वेळी गावात फोन बंदच ठेवतात, पोराच्या कानावर खबर जाऊ नये म्हणून.

तुळसाबाईनं आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा नुसते ओठ हलले. कामिनी पलंगाशी उभी राहिली आणि या वेळी 'येऊन राहिला' म्हणाली नाही. सव्वातीनला यंत्रावरची रेघ सरळ झाली. फॉर्मवर वेळ कामिनीनंच लिहिली.

चारला ते आले. दोन गाड्या भरून माणसं, एका बाईच्या काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. आई गेल्याचं विश्वनाथला फाटकात सांगितलं असावं. तो टेबलाशी आला तेव्हा त्याच्या पायाला शेतातली माती तशीच होती.

"ताई, सकाळी तुमी फोन केला तवा माय जिती होती का?"

त्याच्या मागे भैय्याजी उभे होते. त्यांनी हात जोडले, छातीशी, कोणाला दिसू नये असे. अकरा वर्षांचं वाक्य कामिनीच्या जिभेवर तयार होतं. नाही भाऊ, तेव्हाच गेल्या, शांतपणे गेल्या. पण पुढ्यात फॉर्म पडला होता, त्यावर तिच्याच अक्षरात सव्वातीन. आणि मांडीवर तिला त्या मोसंबीच्या पिशवीचं ओझं जाणवत होतं.

"होत्या भाऊ. सव्वातीनपर्यंत होत्या. तुमाले तीनदा विचारलं त्यांनी."

विश्वनाथ रडला नाही. वळून त्यानं काकाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि तिथंच फरशीवर बसला.

"काहून सांगतलं वं बाई?" भैय्याजी म्हणाले. "आता हा जनमभर आतून जयल."

"मी सकायीच सांगतलं होतं, काकाजी."

बाया लुगडं घेऊन आत गेल्या. सही करायला विश्वनाथला दोघांनी धरून उठवलं. सगळे जिना उतरले, तेव्हा भैय्याजी एकटे परत आले आणि टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले.

"तुमच्या रजिस्टरात माहा नंबर हाय ना बाई?"

"हाय."

"खोडून टाका. गावातलं कोणी भरती झालं, तरी मले फोन नका करू."

कामिनीनं रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली आणि नंबरावर सरळ रेघ मारली. भैय्याजींनी ती वाकून नीट पाहिली, मग कठडा धरत एकेक पायरी उतरत गेले.