विहिरीवरचा ट्रामचा रूळ

मित्रांनो, आज जे घडलं ते आजच लिहितो.

ईटला, म्हणजे आमच्या गावी, आमच्या विहिरीवर एक रूळ आडवा टाकलेला आहे. साठच्या दशकात मुंबईची ट्राम बंद झाली, तेव्हा वडिलांनी तो भंगारातून आणला. लहानपणी त्याला कान लावला की मला ट्रामची घंटा ऐकू यायची.

आज पुतण्या गाळ काढायला विहिरीत उतरला. दोर रुळालाच बांधायचा, हा हट्ट माझा. तो अर्ध्यावर असताना रूळ करकरला. एरवी भीती वाटली, की शाळेतल्या कविता पुटपुटायची मला सवय आहे. आज एकही ओळ आठवेना. काठावरच्या आम्ही चौघांनी दोर ओढून पुतण्याला वर घेतलं.

धापा टाकत म्हणाला, "तात्या, तुमची ट्राम बंद केली ते लई बरं झालं. उद्या दोर ट्रॅक्टरला बांधायचा."

आठवणीवर आपला जीव टांगावा, दुसऱ्याचा नाही. आता सांगा, रूळ काढू, की नुसता टेकून बसायला ठेवू?