रुपीबाईनं इंग्रजीत घेतलेलं नाव

कल्पना करा, की तुम्हाला अक्षर येत नाही. पाटी कधी हातात धरलेली नाही. आणि कोणी तरी समोर बसून सांगतंय, 'कम' म्हणजे 'या', 'सिट' म्हणजे 'बसा', 'वेट' म्हणजे 'थांबा'. परीक्षेला मोठ्या डॉक्टरबाई येतील, तोवर सगळं पाठ करा. त्यातही 'या' आणि 'बसा' हे तुमच्या आईच्या बोलीतले शब्द नव्हेत. तुमची आई 'आव' म्हणायची, 'बेस' म्हणायची. एकेका शब्दासाठी दोन उंबरे ओलांडायचे. कुठे ठेवाल एवढे शब्द?

रुपीबाईनं ते रस्त्यावर ठेवले.

पांढरकवड्यापासून कोसभर आत तिचा तांडा होता. तिच्या आजेसासऱ्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहण्याचे दिवस पाहिले होते. त्यालाही अक्षर येत नव्हतं. पण दूर दूरचे मुक्काम तो विहीर, चिंच, नाला असं म्हणत ओळीनं सांगायचा. घरातली ती सवय रुपीबाईच्या कामी आली. तांड्याच्या विहिरीवर तिनं 'हॉट वॉटर' ठेवलं. पुलाच्या कठड्यावर 'सिट डाऊन'. नाक्यावर ट्रक खोळंबतात तिथं 'वेट'. लंगड्या लोहाराच्या भात्यापाशी 'पेन', म्हणजे दुखणं. सकाळी पांढरकवड्याच्या दवाखान्यात कामाला जाताना ती एकेक शब्द उचलायची, संध्याकाळी येताना जागच्या जागी ठेवून द्यायची.

ही गोष्ट १९६२ सालची. दवाखान्यात केरळातून नवी सिस्टर आली होती. तिला मराठी येत नव्हतं आणि बाहेर बसलेल्या बायकांना इंग्रजी. त्यातल्या निम्म्या तांड्यांवरच्या. त्यांना मराठीही तुटकच यायचं. म्हणून तांड्याची बोली जाणणारी आणि सिस्टरचे रोजचे शब्द समजणारी एक आया हवी होती. रुपीबाई तिथं रोजानं झाडू मारत होती. ती जागा आपल्याला मिळावी, हे तिनं मनाशी घट्ट धरलं, आणि कारण पगाराचं नव्हतं.

तिचा नवरा पूनमसिंग जिनिंगमध्ये रुई दाबता दाबता खोकायला लागला आणि एक दिवस रक्त खोकला. त्याला रोज सुई हवी होती, पडून राहायला खाट हवी होती. दवाखान्यात खाटा थोड्या, आजारी भरपूर. मात्र कायम आयाच्या घरच्या माणसाला मागच्या व्हरांड्यात एक खाट मिळायची. रुपीबाईला ती खाट हवी होती.

तिला शिकवायची कोकिळा. कोकिळा कुणब्याची, चौथी पास, दवाखान्यातली जुनी आया. सुया उकळत ठेवून दोघी स्टोव्हपाशी बसत.

"व्हॉट इज युवर नेम?"

"माय नेम इज रुपीबाई."

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

रुपीबाईनं ओढणी पुढं ओढली.

"अवं, बोल ना. हेच तर पयले इचारतात."

"नाव कसं घेऊ कोकिळाबाई?"

"काहून? आमी नाही घेत उखाण्यात? दोन ओळी जोड अन् दे ठोकून."

"तुमच्यात चालते. आमच्या तांड्यात तसं नाही. बायकोनं नाव घेतलं का धन्याचं आयुष्य घटते."

"मंग काय सांगशीन डॉक्टरबाईले? भरल्या चांदाची रात?"

दोघी हसल्या. खरंच, रुपीबाई पुनवेला पुनव म्हणत नसे, भरल्या चांदाची रातच म्हणे. त्या दिवसापासून ते एक वाक्य आलं की कोकिळा नाव स्वतःच म्हणून टाकायची आणि पुढच्या प्रश्नावर जायची.

घरी पूनमसिंग पडल्या पडल्या तिची उजळणी घ्यायचा. त्याला अर्थ कळत नसत, पण ती अडखळली की कळायचं.

"घेऊन टाक ना माहं नाव," तो एकदा म्हणाला. "मीच म्हणून राह्यलो. ज्याचं नाव त्याची परवानगी."

"तुमचं काय जाते? तुमी बोलून मोकळे."

"सरकारी बाईसाहेब होशीन तू. मंग मले नावानंच हाका मारशीन." तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला.

चुलीपाशी त्याची आई मानीबाई बसली होती. ती मागं न वळता म्हणाली, "तिले असं शिकवू नको, बेटा. माह्या सासूनं मरेपर्यंत नाव नाही काढलं तोंडातून. म्हातारा काठी टेकत जगला, सगळ्यांच्या मागून गेला."

परीक्षेच्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई आल्या, खुर्चीत बसल्या, घाईत होत्या. रुपीबाई समोर उभी राहिली आणि मनातल्या मनात तांड्याच्या विहिरीपासून चालू लागली. हॉट वॉटर, सिट डाऊन, वेट, पेन. व्हेअर इज द पेन म्हणजे कुठं दुखतं. एकही शब्द चुकला नाही. सिस्टरनं मान डोलावली.

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

रुपीबाईनं ओढणी पुढं ओढली. डॉक्टरबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. ती जमिनीकडं पाहत राहिली.

"एवढं पाठ केलंय, पण अर्थ कळलेला दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कोकिळा दारातून पुढं झाली. "कळते बाई तिले. ते नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याईच्यात तशी रीत नाही."

"मग दारात येणाऱ्या बायकांना ही काय विचारणार? त्याही सांगणार नाहीत. जी स्वतः सांगत नाही, ती दुसरीकडून कसं काढून घेईल?"

बोलणं रास्त होतं. डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. तेव्हा रुपीबाईच्या डोळ्यांपुढं व्हरांड्यातली खाट आली.

"माय हजबंड्स नेम इज पूनमसिंग," ती म्हणाली.

लग्नापासून पहिल्यांदा ते नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तिला ते परक्या माणसाचं वाटलं.

जागा मिळाली. आठवड्याच्या आत पूनमसिंग खाटेवर आला. रोज सुई, रोज दूध, आणि येता-जाता बायकोचा हात कपाळावर. काही दिवस त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. मग ते गेलं. थंडी सरता सरता एका दुपारी, तळपायाला ऊन लागत असताना, तो गेला. सिस्टरनं नंतर सांगितलं, "बोथ लंग्ज." लंग्ज म्हणजे फुप्फुसं, बोथ म्हणजे दोन्ही. ते शब्द रुपीबाईला येत होते. आणला तेव्हाच दोन्ही संपली होती, एवढंही तिला कळलं.

सुनेनं नाव घेतल्याचं मानीबाईला ठाऊक नव्हतं. तिला ते कोकिळेनं सांगितलं, तेही चांगल्या मनानं. बाजारात भेटली तेव्हा दुःख हलकं करावं म्हणून ती म्हणाली, "तुमच्या सुनेनं लय केलं हो त्याच्यासाठी. भर परीक्षेत नवऱ्याचं नाव घेतलं, तेबी इंग्रजीत."

मानीबाई घरी आली. भांडली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. घागर स्वतः उचलायची, म्हातारपणी, विहिरीपासून घरापर्यंत दोनदा टेकत. रुपीबाई मागून रिकाम्या हातानं चालायची.

दवाखान्याचं काम तिनं सोडलं नाही. दारात बसून ती बायकांना नावं विचारायची. नवऱ्याचं नाव आलं की बाई खाली मान घालायची. मग रुपीबाई म्हणायची, "राहू दे. सोबत कोण आलं? त्याले बोलाव." पण बाई एकटीच असली, तर रुपीबाई कितीतरी वेळ पुढचा प्रश्नच विचारत नसे, आणि सिस्टर आतून 'नेक्स्ट' म्हणायची.

एकदा काम आटोपल्यावर तिनं आपल्या मोजक्या शब्दांत सिस्टरला विचारलं, "सिस्टर, युवर मदर... हजबंड्स नेम?"

सिस्टरला अर्थ लागायला वेळ लागला. मग ती मान हलवत म्हणाली, "नो, नो. मदर नॉट टेल. नेव्हर."

"फादर?"

"फादर गुड," सिस्टर हसून म्हणाली. "व्हेरी ओल्ड."

रुपीबाईनं मान डोलावली आणि सुया उकळत ठेवल्या. तिला आणखी एक विचारायचं होतं. पण त्यासाठी लागणारे शब्द ना कोकिळेनं शिकवले होते, ना तिनं रस्त्यात कुठं ठेवले होते. परक्या भाषेत, डॉक्टरबाईंपुढच्या परीक्षेत, त्याच्याच खाटेसाठी घेतलेलं नाव वरच्याला ऐकू गेलं असेल का?