दहा दिवसांची टाकी

काटेरावांची बायको दर चौथ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याच्या ट्रेलरमध्ये जाते आणि अर्ध्या तासाने ओल्या केसांनी बाहेर येते, ही बातमी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली ते आज कोणी कबूल करणार नाही. टपालवाल्याची बायको म्हणते, मी नाही बाई, मला बेकरीवालीने सांगितलं. बेकरीवाली म्हणते, मी फक्त 'केस ओले होते' एवढंच बोलले, बाकीचा मसाला टपालवालीचा. ते काही असो. उन्हाळी सुट्टीला येणाऱ्यांचे त्या तळ्याकाठच्या मैदानावर सगळे मिळून बारा ट्रेलर उभे असायचे, त्यामुळे इतकी चविष्ट बातमी सगळी दारं फिरायला दुपारच्या चहापर्यंतचा वेळ पुरला. नवऱ्याचं दार तेवढं तिने शेवटी ठोठावलं. बातम्यांची तशी पद्धतच आहे.

काटेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ते एकतीस वर्षं बॉयलरवर होते. तळघरातली खोली, एक लाकडी स्टूल आणि समोर भिंतीवर पाच तबकड्या. तबकडीतला काटा लाल रेघेला टेकू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम, आणि एकतीस वर्षांत तो एकदाही टेकला नाही. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची त्यांना सवय लागली होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते बायकोकडे बघत नाहीयेत, मागच्या घड्याळाकडे बघतायत. मग काटेराव नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना ट्रेलर घेतला. म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत दोन माणसांपुरता पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, आणि एक न्हाणीघर, ज्यात आत शिरल्यावर वळायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागे. वहिनींना, म्हणजे काटेरावांच्या बायकोला, ते घर फार आवडलं. त्या कपडे दुरुस्तीचं काम करायच्या. जन्मभर लोकांच्या विजारी आखूड करून आणि कमरा सैल करून त्यांची मान आखडली होती. वर्षातून दहा दिवस कोणाची शिलाई उसवायची नाही, झाडाखाली बसून पाण्याकडे बघायचं, एवढीच त्यांची मागणी होती.

दहा हा आकडा मात्र काटेरावांचा. तळ्याकाठच्या मैदानावर ना नळ जोडायची सोय, ना वीज. जी काही टाकी आणि बॅटरी सोबत आणाल तेवढीच. बाकीचे लोक तीन-चार दिवसांत कॅन घेऊन फाटकावरच्या नळाकडे निघायचे. तिथवर अर्ध्या मैलाचा चढ. काटेरावांच्या लेखी तो चढ म्हणजे हार. "पाणी आणायचंच असेल तर टाकी कशाला घ्यायची?" असं ते विचारायचे, आणि उत्तर यायच्या आधी सांगायचे, "एकशे वीस लिटर, दोन माणसं, दहा दिवस. भागाकार करा."

भागाकार त्यांनी करून ठेवला होता. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी होती, तिच्यावर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवून दहा रेघा मारल्या होत्या. रोज संध्याकाळी पाणी त्या दिवसाच्या रेघेवर आलं पाहिजे, खाली नाही. बॅटरीसाठी वेगळी तबकडी लावलेली. "निम्म्याच्या खाली उतरली की बॅटरीचं आयुष्य घटतं," हे त्यांनी मैदानावर सर्वांना इतक्या वेळा सांगितलं होतं की टपालवाला त्यांना लांबून येताना बघितल्यावर स्वतःच म्हणायचा, "निम्म्याच्या खाली नको, माहीत आहे!" उन्हावर वीज करणारी सूर्याची पाटी ते दिवसातून तीनदा उचलून उन्हाकडे वळवायचे. बेकरीवाली म्हणायची, "वहिनी, त्या पाटीचा हेवा नाही वाटत हो तुम्हाला?"

वहिनी हसायच्या.

आणि पंप. ट्रेलरमध्ये तोटी सोडली की पलंगाखालचा पंप घुरघुरतो. पाणी फुकट जात असेल तर अख्ख्या घराला ऐकू येतं. काटेराव बाहेर खुर्चीत बसून तो आवाज ऐकत आणि मांडीवर बोटांनी मोजत. पेला विसळायला दोन बोटं. तोंड धुवायला पाच. वहिनींनी हात बसवला होता. बटाटे धुतलेल्या पाण्यात त्या ताटल्या भिजवायच्या आणि ताटल्यांचं पाणी झाडाला न घालता परत एकदा शेगडीच्या फडक्याला वापरायच्या. काटेराव कौतुकाने म्हणायचे, "माझ्या हाताखाली बॉयलरवर असतीस तर बढती दिली असती."

अडचण केसांची होती. वहिनींचे केस कमरेच्या खाली यायचे. दाट, जड, आणि पन्नाशी उलटली तरी काळे. त्या वेणी घालून ती दोनदा गुंडाळायच्या, तरी मानेवर पोळीएवढा अंबाडा उरायचाच. तळ्यात धुवावे तर तिथे पाटी लावलेली, साबण लावू नये. पहिल्या वर्षी पाचव्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात केस धुतले. बाहेर खुर्च्यांचा गोल जमला होता. चष्मेवाला होता, टपालवाला जोडीने होता, बेकरीवाली होती. पंप सुरू झाला तो थांबेचना. काटेरावांची दोन्ही हातांची बोटं संपली. त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. गोलातले सगळे त्यांच्या बोटांकडे बघायला लागले. शेवटी पंप थांबला आणि वहिनी डोक्याला पंचा गुंडाळून दारात आल्या.

काटेराव म्हणाले, "आलीस? मला वाटलं तळं आटलं की काय बघून यावं. पुढच्या वर्षी हिच्या केसांना वेगळी टाकी लावतो आणि मागून ओढून आणतो."

गोल खदखदून हसला. चांगला विनोद होता, खोटं कशाला बोलायचं. वहिनीही हसल्या. त्या वर्षी टाकी नवव्या दिवशी संपली.

त्यानंतर वहिनींनी ट्रेलरमध्ये कधी केस धुतले नाहीत. दुसऱ्या वर्षी टाकी दहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरली, तिसऱ्या वर्षीही पुरणार असं दिसत होतं. काटेराव लोकांना आणून पट्टी दाखवायचे. केसांचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. पाणी रेघेवर होतं.

आता चष्मेवाल्याबद्दल. हा मैदानावरचा सर्वांत मोठा ट्रेलर. छतावर सूर्याच्या चार पाट्या, तीनशे लिटरची टाकी, आणि एवढ्या पसाऱ्यात माणूस एकटा. काटेरावांच्याच गावात चष्म्याचं दुकान. लग्न केलेलं नाही. वय साठीच्या आसपास, इस्त्रीचा सदरा, हळू बोलणं. बायकांना वाट देताना टोपी काढायचा. अफवेला आणखी काय हवं असतं?

तिसऱ्या वर्षी आठव्या दिवशी काटेराव तळ्यावर गळ टाकून बसले होते. शेजारी टपालवाला.

"काटेराव, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"बॅटरीचं का?"

"बॅटरीचं नाही." टपालवाल्याने गळाकडे बघत सगळं सांगून टाकलं. दर चौथा दिवस, अर्धा तास, ओले केस. "मी आपला सांगतो. लोक बोलतात. तुम्ही इकडे मासे धरता आणि तिकडे…"

 काटेरावांनी गळ गुंडाळला, ट्रेलरवर आले. वहिनी दाराशी उन्हात बसून केस मोकळे सोडून वाळवत होत्या. केस ओले होते. ते त्यांनी पाहिलं. मग आत जाऊन पट्टी पाहिली. पाणी बरोबर आठव्या रेघेवर होतं, थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

ज्या माणसाने एकतीस वर्षं जरा काटा हलला की झडप घालून चावी फिरवली, त्याने इथे एक प्रश्न विचारायला हवा होता. तीन शब्दांचा प्रश्न. केस कुठे धुतलेस? पण तो विचारला आणि उत्तर आलं तर? म्हणून त्यांनी विचारलं, "सामान आवरू या का?"

"आज? दोन दिवस आहेत की अजून."

"गुडघा दुखतोय."

घरी येईपर्यंत गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही. टाकीत चोवीस लिटर पाणी शिल्लक होतं; ते त्यांनी अंगणाच्या कडेला सोडून दिलं आणि संपेपर्यंत बघत उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींनी दोनदा विचारलं, जायचं नाही का. काटेराव म्हणाले, "बॅटरी गेलीय." हे साफ खोटं होतं. बॅटरी ठणठणीत होती. पण एकदा ती गेली असं म्हटल्यावर तिला चार्ज करायला ते ट्रेलरच्या शेडमध्ये जाणार कसे? ट्रेलर तसाच पडून राहिला, थंडीचे महिने आले आणि गेले, आणि निम्म्याच्या खाली कधीही न उतरलेली ती बॅटरी हळूहळू पार तळाला जाऊन खरोखरच मेली. खोटं बोलून ते खरं करून दाखवणारा माणूस विरळा.

त्याच सुमारास एके दिवशी वहिनी दुपारी बाहेर जाऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. केस कानापर्यंत कापलेले. मान एकदम लहान आणि पांढरी दिसत होती, पट्टी सोडलेल्या जखमेसारखी.

"आता चालेल ना?" त्या म्हणाल्या. "आता जाता येईल."

काटेरावांनी त्याचा अर्थ भलताच लावला. त्यांना वाटलं ही केलेल्या चुकीची कबुली आहे, हे प्रायश्चित्त आहे. त्यांनी वर्तमानपत्र उलटलं आणि म्हणाले, "बॅटऱ्या महाग झाल्यात."

 वहिनी शिलाईच्या मशीनवर जाऊन बसल्या. केसांचं त्यांनी काय केलं कोणास ठाऊक. कापणाऱ्या बाईकडेच ठेवून आल्या असतील.

अशी सहा वर्षं गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. फक्त चष्मेवाल्याच्या दुकानाच्या रस्त्याने काटेराव जात नसत. चष्मा ते दूरच्या एका दुकानातून करून आणायचे, तो नेहमी चुकीचा निघायचा, आणि सहा वर्षं त्यांना वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचावं लागलं. मग ते दूरचं दुकान बंद पडलं. सुईत दोरा ओवून द्यायला वहिनींनी सांगितलं तेव्हा काटेरावांनी तो शेजारच्या हवेत ओवला, आणि दुसऱ्या दिवशी निमूट उठून चष्मेवाल्याकडे गेले.

दुकानात कोणी नव्हतं. चष्मेवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यावर ते जड भिंगांचं यंत्र लावलं.

"खालची ओळ वाचा. काटेराव, तुम्ही यायचं बंदच केलंत हो. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"आणि केस? तसेच लांब?"

काटेरावांनी हनुवटी त्या यंत्रात गच्च दाबली. "कापले."

"अरेरे," चष्मेवाला खरोखर हळहळला. त्याने एक भिंग काढून दुसरं घातलं. "आता स्पष्ट? वहिनींना मी म्हणायचो, अहो सांगा की त्यांना, नवरा आहे तो, वाघ नाही. त्या म्हणायच्या, नको. त्यांना टाकी दहाव्या दिवसापर्यंत पोचवायची असते, सगळ्यांना दाखवायची असते. माझ्या केसांपायी त्यांचं एवढं सुख कशाला मोडायचं? मला काय, टाकी मोठी. त्या आल्या की मी दोन कॅन उचलायचो आणि फाटकाच्या नळाकडे चालू पडायचो. बाईमाणसाला संकोच नको. तो चढ चढून परत यायला मला बरोब्बर अर्धा तास लागायचा. आता वाचा."

काटेरावांना ओळ स्पष्ट दिसत होती. ती त्यांनी वाचली नाही.

घरी आले तेव्हा वहिनी कोणाचीतरी विजार मांडीवर घेऊन शिवण उसवत होत्या.

"चष्मेवाल्याकडे गेलो होतो."

"बरं झालं. नंबर वाढलाय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

वहिनींनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. दोरा ओढून काढला. "सगळ्यांसमोर माझ्या केसांचं हसं केलं होतंत तुम्ही."

"लोक काय बोलत होते, ते कळलं होतं तुला?"

"कळलं होतं. बेकरीवालीने तोंडावरच विचारलं. मला वाटलं, तुम्हीही विचाराल."

"मी नाही विचारलं."

"नाही."

मशीनमागच्या भिंतीवर खिळ्याला मापाची टेप टांगलेली होती. काटेराव तिच्याकडे बघायला लागले. मग त्यांना ते लक्षात आलं आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. कानापर्यंतचे केस आता बरेचसे पांढरे झाले होते.

"नवी बॅटरी आणतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात जाऊ. कॅन मी आणेन. रोज आणेन, दिवसातून दोनदा आणेन."

"आता कशाला चढता?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचं काटेरावांना जास्त लागलं. "आता पेलाभर पाण्यात होतं."

मग त्यांनी विजार उलटी केली आणि दुसऱ्या बाजूची शिवण उसवायला घेतली. ट्रेलर त्याच वर्षी विकला. घेणाऱ्याने नळीवरची पट्टी बघून विचारलं, या दहा रेघा कसल्या, तर काटेराव म्हणाले, "काढून टाका."

वहिनी चष्मेवाल्याच्या ट्रेलरमध्ये केस धुवायला जायच्या. तो तेव्हा तिथे नसायचा.