वेटिंगवाले सर

स्वतःच्या मरणाची इतकी जय्यत तयारी करून इतक्या जोरात जगणारा माणूस नर्मदेच्या या काठाला नाही आणि त्या काठालाही नाही, हे मी पैजेवर सांगतो. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहायला भोपाळात, आनंद नगरला. उभी हयात गेली शेजारच्या अवजड विद्युतयंत्रांच्या कारखान्यात, आणि काम तपासनिसाचं. ट्रान्सफॉर्मर बाहेर पडण्याआधी मामा त्याच्याभोवती अशी प्रदक्षिणा घालत, की घाबरून त्याला तेलाचा घाम फुटे. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या हारातली निम्मी फुलंही त्यांनी रिजेक्ट केली होती. पुढे घरात रिजेक्ट करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते स्वतःकडे वळले.

त्याचं असं झालं. रायसेन रोडला, वस्ती संपून गव्हाची शेतं लागतात तिथे एक मेडिकल कॉलेज निघालं. निघालं म्हणजे काय, पत्र्याच्या दोन शेडा, एक हातपंप आणि लांबलांबच्या जंगलातल्या तालुक्यांतून निवडून आणलेली मुलं. इथे शिकायचं आणि आपल्याच मुलखात परत जाऊन डॉक्टरकी करायची, अशी बोली. तिथली वीज सारखी जायची म्हणून मामांना बोलावणं आलं. मामांनी चहा उकळेपर्यंत बिघाड काढला आणि पहिल्या घोटालाच शरीररचना शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, "और कोई कमी?"

"बॉडी नहीं है," मॅडम म्हणाल्या. "बच्चे प्लास्टिक के पुतले पर सीख रहे हैं."

मामांना ठसकाच लागला. प्लास्टिकवर हात बसलेला डॉक्टर माणसाला हात लावणार? "मेरी ले लीजिए," ते म्हणाले, जणू छत्री उसनी देत होते. "अभी चालू है, पर बंद होते ही आपकी."

मॅडमनी नियम समजावले. अपघाती मरण आलं तर देह घेता येत नाही, कारण आधी पोस्टमॉर्टेम होतं. एरवीही काही तासांत देह कॉलेजात पोचायला हवा. आणि शेवटचा शब्द घरच्यांचा; बायको नाही म्हणाली तर नाही. पहिल्या दोन नियमांनी मामा पार बदलले, तिसऱ्याने त्यांची झोप उडाली. कारण मामी नाही म्हणाल्या.

"तुमच्या शर्टाचं बटण तुटलं तरी मी तुम्हांला दाराबाहेर पडू दिलं नाही, आणि तुम्हांला फाडायला देऊ?" मामी म्हणाल्या. "मी तुमच्या अस्थी नर्मदेत सोडणार. तेव्हा तुम्ही वाद घालायला नसाल, एवढंच एक सुख."

मामांनी मामीची समजूत काढायचं काम पुढे ढकललं आणि आधी माल सांभाळायला घेतला. अपघात नको म्हणून ते पायी दूध आणायला जाताना हेल्मेट घालू लागले. आनंद नगरातली पोरं त्यांना पायलट म्हणत. एकदा एक ऑटो त्यांना घासून गेली, तर मामांनी थेट चौकापर्यंत तिचा पाठलाग केला. "अंधा है क्या? कॉलेज की प्रॉपर्टी है!" ऑटोवाल्याला वाटलं हा कुठला तरी मोठा अधिकारी. त्याने मामांना फुकट घरी सोडलं, आणि ऑटोत बसावं लागल्याने वाटभर मामाच रामनाम घेत होते. भोपाळ सोडणं तर बंदच. भाच्याच्या लग्नाला इंदूरला गेले, अक्षता टाकल्या आणि जेवणाआधी परतीच्या बसमध्ये. पुण्याची लेक रडकुंडीला आली, "बाबा, इकडे या." मामा म्हणाले, "अगं, तिथे काही झालं तर पुण्याचं कॉलेज मला ठेवून घेईल. आणि पुण्यात शिकवणाऱ्यांची टंचाई कधी होती?"

सगळ्यांत वाईट हाल झाले जिलबीचे. भोपाळात राहून सकाळी पोह्यांबरोबर जिलबी नाकारणं म्हणजे जवळपास देशद्रोह. पण मामा ताट सरकवून मला सांगत, "जावईबापू, चरबी वाढली की मुलांना नसा सापडत नाहीत."

"माझ्यासाठी कधी बोटभर पोट कमी केलं नाहीत!" स्वयंपाकघरातून मामी कडाडत.

दरवर्षी नवी मुलं आली की मामा कॉलेजात हजर. माईक हातात घेऊन म्हणत, "मैं तुम्हारा होने वाला टीचर हूँ. अभी जॉइन नहीं किया है." मुलं आधी गार पडत, मग टाळ्या वाजवत. त्यांचं नावच पडलं, वेटिंगवाले सर. शेडांच्या जागी इमारत आली, इमारतीवर मजले चढले, हातपंपाजागी बाग झाली. गणेशोत्सवात मामा देहदानाच्या गोष्टी करू लागले की महाराष्ट्र मंडळातली माणसं मोदक हातात घेऊन पळत, पण त्यांतल्याही काहींनी नावं दिली, काही मामांच्या आधी तिथे रुजूही झाले. मामा मात्र ठणठणीत. बॅच बाहेर पडली की खिन्न होऊन म्हणत, "आणखी एक बॅच माझ्याशिवाय गेली हो."

अशाच एका बॅचमधली सुखवती, डिंडोरीकडच्या खेड्यातली. रविवारी मामीकडे साबुदाण्याची खिचडी खायला यायची. डॉक्टर होऊन आपल्याच तालुक्यातल्या दवाखान्यात गेली आणि तिथून दोघांना आग्रहाचं बोलावणं धाडलं. डिंडोरी म्हणजे रात्रभराचा प्रवास. मामांच्या नियमात बसेना. मामी फणकारल्या आणि एकट्याच गेल्या.

परत आल्या त्या गप्प. मामी गप्प, म्हणजे मामांनी ताप बघायला कपाळाला हात लावला. सकाळी मी पोहे-जिलबी घेऊन गेलो होतो, तेव्हा त्या बोलल्या. तिथे ट्रॅक्टरवर घालून एका बाळंतिणीला आणलं होतं. मूल आडवं आलेलं. "आपली सुखवती, जिला कांदा चिरताना रडू यायचं, तिनं दोघांनाही वाचवलं. मी म्हटलं, पोरी, हात नाही का गं थरथरला? तर म्हणाली, मामीजी, हाथ को रास्ता पता था. विदिशा के एक मास्टरजी की देह से सीखा है. पहले दिन सबने उनके पैर छुए, फिर हाथ लगाया."

मामी मामांकडे वळल्या. "आधी पाया पडतात ती मुलं. हे मला कधी बोलला नाहीत. नुसतं चरबी, चरबी!"

मामा ओशाळून म्हणाले, "मला वाटलं, तुला टेक्निकल सांगावं."

"आणि नर्मदा तिच्या दवाखान्यामागूनच वाहते," मामी म्हणाल्या. "तुमच्यावर शिकलेले हात तिथे गेले, की तुम्ही नर्मदेवर पोचलातच म्हणायचं. देते मी सही. पण माझी अट आहे." त्यांनी पुडक्यातली सगळ्यांत जाड जिलबी काढून मामांच्या ताटलीत ठेवली. "ही खायची. रोज. पोरांना शोधू देत नसा. शिकायला आलीत ना?"

मामांनी जिलबी उलटसुलट करून तपासली. रिजेक्ट करतात की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी ती खाल्ली, आणि पाक हनुवटीवरून ओघळला तो बराच वेळ पुसला नाही.

परवा कॉलेजात नवी मुलं आली. आता मामांचा आवाज थोडा कापतो, माईक मामी धरतात. "अभी जॉइन नहीं किया है," मामा म्हणाले, आणि मामी माईकमध्येच पुटपुटल्या, "जल्दी क्या है." सगळं सभागृह हसलं. परतताना रस्ता ओलांडायचा होता. त्या हेल्मेटला इतकी वर्षं हसलेल्या मामींनी मामांना थांबवलं, हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळला, दोनदा ओढून बघितला, आणि मग त्यांचं कोपर धरून, दोन्हीकडे बघत, त्या हळूहळू निघाल्या.