तेल बरोबर होतं

माझी अक्षरओळख पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर झाली. मराठी माणसांचं राज्य व्हावं म्हणून बाबांनी गावोगाव पत्रकं वाटली होती, आणि उरलेले गठ्ठे देऊळगाव राजाच्या आमच्या घरात माळ्यावर पडून होते. एका बाजूला जनतेचे हक्क, दुसऱ्या बाजूला माझा वाकडा 'अ'. त्याच बाबांनी ताईच्या लग्नात जावयाला स्कूटर दिली. मी विचारलं, "हुंडा गाडून टाका असं तुम्हीच छापलं होतं ना?"

"हुंडा कुठं आहे? वाहन आहे. तिलाच बसायला."

कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. स्कूटर गेली ती गेलीच.

ताईचं सासर रोहिणखेडचं. दाजी बुलढाण्याच्या एका कचेरीत कारकून. रोज सकाळी राजूर घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. पेट्रोल ते डब्यातून घरी आणत, आणि त्यात तेल मिसळायचं काम, घरातली सगळी कामं जिकडं जातात तिकडंच गेलं, सुनेकडं. या इंजिनाला तेल वेगळं पाजता येत नाही, पेट्रोलमध्येच कालवावं लागतं. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. ताई मॅट्रिक, तिनं ती वाचून काढली. नव्या गाडीला वीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, गाडी रुळली की पंचवीसाला एक. तिनं त्यासाठी मापाची एक जुनी बाटली ठरवून ठेवली होती.

पंचमीला मी तिला आणायला गेले, तेव्हा ती ओसरीवर डबा हलवत बसली होती. सासूबाई शेंगा निवडत होत्या.

"हात आखडू नको वं. बाळंतिणीले कोनी तूप कमी घालते का? इंजन नवं हाय."

आतून दाजी ओरडले, "माय, तुले काय समजते त्यातलं? कचेरीत शिरलो का लोक म्हनतात, आगगाडी आली! धूर निंघून राह्यला नुसता. अर्धंच टाक वं."

ताई दोघांनाही "बरं" म्हणाली आणि बाटलीच्या खुणेपर्यंतच तेल ओतलं. तिच्या हाताला पेट्रोलचा वास होता. भाकरी मोडतानाही तो येत होता.

त्या हिवाळ्यात दाजी तिला मागे बसवून बुलढाण्याहून घरी आणत होते. घाटाच्या मधोमध गाडी एकदम अडली, मागचं चाक घसरत गेलं आणि दोघं रस्त्यावर पडले. ताईचं कोपर सोलून निघालं. गॅरेजवाल्यानं इंजिन उघडलं आणि सांगितलं, आत तेल कमी पडलं, पिस्टन धरला, म्हणजे जागीच जाम झाला. एवढं वाक्य रोहिणखेडला पुरलं. तेल कोण टाकत होतं? सून. आठ दिवसांच्या आत ताई पेटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. सोबत निरोप: इंजिन नीट करून द्या, मग पोरीला आणा.

मी तिला विचारलं, "खरंच कमी पडलं का गं तुझ्या हातून?"

"तूसुद्धा?" ती म्हणाली. मग तिनं मला सगळं सांगितलं. दाजी पेट्रोल वाचवायला घाट उतरताना पेट्रोलची चावी बंद करत. गिअर मात्र ठेवत, म्हणजे गाडी आवरते. "पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. चाकं तर इंजिन फिरवतच राहतात. कोरडंच फिरतं ते. मी त्या दिवशी मागून म्हटलं, चावी उघडा. तर म्हणाले, गप बस."

हे मी बाबांपुढं मांडलं. माझ्या आवाजात भाषण शिरलं असणार, कारण ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग ताईला म्हणाले, "दुरुस्ती मी करून देतो. तू फक्त म्हण, माझी चूक झाली. शब्दानं काय झिजतं?"

"बाबा," मी म्हणाले, "तुमची पत्रकं शब्दांचीच होती."

ते उठून दुरुस्तीच्या पैशांची सोय करायला गेले.

आम्ही तिघं रोहिणखेडला गेलो. दाजी खांबाला टेकून बसले होते, कुणाकडं बघत नव्हते. सासूबाईंनी चहा समोर ठेवला आणि सुरू झाल्या, "इवाई, पोरीले शिकवलं तरी काय तुमी? बाटलीभर तेल टाकाची अक्कल नाई."

बाबा काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "माझी चूक झाली, आत्याबाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "मला काही ते जमत नाही. आजपासून मी डब्याला हात लावणार नाही."

"मंग तेल कोन टाकीन?"

"ज्यांना जमतं ते."

दाजींनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांना कळलं होतं. सासूबाईंनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि म्हणाल्या, "चहा प्या, थंडा होऊन राह्यला."

ताईला तिथं ठेवून परतताना बसमध्ये बाबा मला म्हणाले, "हुशार आहे तुझी ताई." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला ती हुशारी नको होती. मला खरं वाक्य हवं होतं, मोठ्यानं, त्या ओसरीवर.

पुढं दाजी स्वतः तेल मिसळू लागले. घाटात चावी बंद करायची सवय काही गेली नाही. ताई घाट उतरायला त्यांच्या मागे पुन्हा कधी बसली नाही, बसनं येई. पावसाळ्याच्या आधी गाडीनं पुन्हा पिस्टन धरला, तोच घाट, तोच उतार. या वेळी दोष कंपनीचा निघाला. कुणालाही माहेरी पाठवलं नाही.

पण पहिल्या वेळची गोष्ट रोहिणखेडात अजून तशीच सांगतात, सुनेचा हात आखडला म्हणून. ताई म्हणते, सोड ना आता. बाबा म्हणतात, तिचा संसार चालला आहे, तू कशाला उकरतेस? मला सोडता येत नाही. माळ्यावरच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहिते आहे. तेल बरोबर होतं.