पुलापलीकडच्या आठ खोल्या

बस स्टँडच्या कोपऱ्यात तिकिटांच्या खिडकीला लागून एक अरुंद खिडकी आहे आणि तिच्यावर ‘चौकशी’ अशी पाटी आहे. त्या खिडकीमागे ती एकतीस वर्षं बसते आहे. गावात सगळे तिला चौकशीबाई म्हणतात. पाटीमुळे हे नाव पडलं असं म्हणावं, तर तिला चौकशा करायची खोडही आहेच. त्यामुळे नावाच्या उगमाबद्दल गावात दोन मतं आहेत आणि तिने स्वतः त्यात कधी तोंड घातलेलं नाही.

गाव डोंगरावरचं. वर्षातले बरेचसे महिने खालून माणसं येतात, चार दिवस राहतात आणि जातात. राहायच्या जागा लहानमोठ्या मिळून त्रेसष्ट. आलेल्या माणसाने विचारलं, “राहायचं कुठे?” तर यादी वाचून दाखवायची, वरून खाली, एवढ्यासाठी नगरपालिकेने तिला नेमलं होतं. कुणाची भलामण नाही, कुणाची निंदा नाही. नेमणुकीच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि पहिली दोन वर्षं ती तशीच वागली.

तिसऱ्या वर्षी एक म्हातारं जोडपं आलं. तिने यादी वाचायला घेतली, पण त्यांनी पहिल्याच नावाला मान डोलावली आणि निघालेसुद्धा. ती जागा टेकडीच्या टोकाला, रस्त्यापासून एकशे चाळीस पायऱ्या वर. आजोबांना दमा होता. साठाव्या की सत्तराव्या पायरीवर बसले ते उठेचनात. हमालांनी खुर्चीत घालून खाली आणलं. आठ दिवस दवाखान्यात काढून बरे झाले. परतीच्या दिवशी आजीबाई खिडकीशी आल्या. त्या भांडायला आल्या असणार म्हणून हिने मन घट्ट केलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, “पायऱ्या आहेत हे तुला ठाऊक होतं ना, बाळ?”

“हो.”

“मग सांगायचं की,” असं म्हणून त्या बसमध्ये जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून तिने यादी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. नंतर कुणी राहण्याची जागा विचारली, की आधी तीच विचारू लागली. गुडघे कसे आहेत? झोप सावध आहे का? सोबत कोण? सकाळी उठता किती वाजता? काहींना राग येतो. “आम्ही खोली मागतोय, स्थळ नाही,” असं एका गृहस्थाने सुनावलंही होतं. ती म्हणाली, “स्थळ चुकलं तर निभावून नेतात लोक. खोली चुकली तर दुसऱ्या दिवशी माझ्याच खिडकीशी येतात.” गृहस्थ हसले आणि गुडघ्यांबद्दल सांगू लागले.

दर सोमवारी तिची सुट्टी. त्या दिवशी ती चार-दोन जागा बघून यायची. गादी दाबून बघायची, उशी उचलून हुंगायची, नळ सोडायची, संडासाची कडी आतून लावून बघायची. खिडकी कुठल्या दिशेला, खाली रात्री गाड्या उभ्या राहतात का, शेजारच्याच्या घोरण्याचा आवाज भिंतीतून येतो का, हे सगळं तिला तोंडपाठ. उरलेलं नवरा सांगायचा. तो पाणीपुरवठ्यात होता, सकाळ-संध्याकाळ गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवायचा. मोजकं बोलणारा माणूस, पण कुठल्या गल्लीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे जेवताना आपणहून सांगायचा. त्या घरात नवराबायकोचं गूळपीठ ते याच विषयावर.

हॉटेलवाल्यांना ती आवडायची नाही आणि तिच्यावाचून चालायचंही नाही. कुणी स्वेटर पाठवला, कुणी घड्याळ. तिने जसंच्या तसं परत केलं, चिठ्ठीसुद्धा न लिहिता. शेवटी सात-आठ जणांनी मिळून तक्रार केली. नगरपालिकेचे साहेब आले, तिच्या मागे स्टुलावर दिवसभर बसले, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, “माझी सासू येणार आहे पुढच्या आठवड्यात. कुठे उतरवू?” तिने विचारलं, “तुमच्या घरापासून जवळ हवी की लांब?” तक्रारीचं पुढे काही झालं नाही.

तिचा धाकटा भाऊ खाली शहरात कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो बायकोला घेऊन गावात परतला. आई आधीपासून त्याच्याकडेच असायची, तीही सोबत आली. भावाने पुलापलीकडे, कड्याच्या पायथ्याशी एक जुनं दगडी घर घेतलं. दीड वर्ष राबून त्याच्या आठ खोल्या केल्या. सुतारकाम स्वतः केलं, रंग स्वतः दिला. भावजयीने पडदे शिवले. कामात कुठे खोट काढायला जागा नव्हती. ज्या दिवशी पाटी लागली त्या दिवशी तो ताईच्या खिडकीत आला आणि पत्ता छापलेल्या कार्डांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, “आता तुझ्यावर आहे सगळं.”

तिने डिसेंबरातला एक सोमवार त्या घरात काढला. सकाळी दहापर्यंत उंबऱ्यावर ऊन आलं नाही. बाराला आलं, अंगणाचा एक कोपरा उजळला आणि दीडच्या आत कड्याने ते गिळलं. तिने पलंगाजवळच्या भिंतीवर तळहात ठेवला. भिंत ओलसर होती. धुतलेल्या चादरी तिसऱ्या दिवशीही दोरीवर होत्या.

“जागा चांगली केलीस,” ती म्हणाली. “पण हिवाळ्यात इथे ऊन नाही रे.”

“लोक झोपायला येतात, ताई. ऊन खायला नाही.”

“चादरी वाळत नाहीत.”

“वाळतील,” भाऊ म्हणाला. विषय तिथेच थांबला.

पंधरा दिवसांनी एक बाई आली, बरोबर खोकणारे वडील. भाऊ त्या वेळी स्टँडवरच होता. बसमधून आलेले पडद्यांचे दांडे उतरवून घेत होता. बाईने आपणहून विचारलं, “पुलापलीकडे नवीन जागा झालीय म्हणतात. कशी आहे?”

चौकशीबाईने भावाकडे पाहिलं. तोही बघत होता. भीड ही भिकेची बहीण, असं तिचे वडील म्हणायचे. पण वडिलांना असल्या खिडकीत बसावं लागलं नव्हतं.

“जागा स्वच्छ आहे,” ती म्हणाली. “माणसंही चांगली आहेत. पण भिंतींना ओल आहे आणि ऊन मिळणार नाही. वडिलांना खोकला आहे, तेव्हा तिकडे नको.” तिने चिठ्ठीवर दुसऱ्या जागेचा पत्ता लिहून दिला.

बाई गेल्यावर भाऊ खिडकीशी आला. आवाज चढवला नाही त्याने. “तोंडावर सांगितलंस. मी इथे उभा असताना.”

“तू नसतास तरी हेच सांगितलं असतं.”

“माहीत आहे. त्रेसष्ट जणांसाठी एक माप आणि भावालाही तेच. सख्ख्या बहिणीने पोटावर पाय दिला म्हणून मी कुणाकडे जाऊ? आपलेच दात, आपलेच ओठ.” त्याने कार्डांचा गठ्ठा उचलून कोटाच्या खिशात घातला, दांडे खांद्यावर घेतले आणि निघून गेला.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तो बहिणीशी बोलला नाही. गाव मुठीएवढं, त्यामुळे दिवसाआड समोरासमोर यायचेच. तो दुकानाच्या फळीकडे बघायचा, ती पुढे जायची. सोमवारी दुपारी तो बाजाराला गेला की ती आईला भेटायला जायची. भावजय चहा ठेवायची, ख्यालीखुशाली विचारायची, पण खोल्यांचं नाव काढायची नाही. आठातल्या दोन किंवा तीन भरलेल्या असत. हे कुणी सांगायला नको होतं. दोरीवर किती चादरी आहेत हे अंगणातूनच दिसायचं.

एकदा आईने तिला जवळ बसवून घेतलं. “खोटं बोल असं मी तुला कधी सांगणार नाही,” आई म्हणाली. “पण त्याला आदल्या दिवशी घरी बोलावून सांगितलं असतंस, की बाबा, कुणी विचारलं तर मी असं बोलणार आहे, तर काय बिघडलं असतं?”

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “आई बरोबर बोलतात,” आणि जेवू लागला.

दुसऱ्या हिवाळ्यात आईचे सांधे धरले. नोव्हेंबर लागल्यावर एका सकाळी तिने मुलाला सांगून टाकलं, “मी चार महिने ताईकडे राहते. तिच्याकडे दिवसभर ऊन असतं.” त्याच दुपारी भाऊ आईचं बोचकं, औषधांची पिशवी आणि तिची खुर्ची घेऊन बहिणीच्या दारात आला. खुर्ची आत खिडकीपाशी नीट लावली, एक पाय डुगडुगत होता त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली, आणि पाणी न पिता परत गेला. सख्खी आई मुलाची जागा सोडून लेकीकडे राहायला गेली, हे गावाला दुसऱ्या दिवशीच कळलं. त्या दिवसांत त्याच्याकडे बघवत नव्हतं, असं पुढे भावजयीने सांगितलं.

मेमध्ये एक नर्स आली. चाळिशीची, एकटी, हातात छोटी बॅग. चौकशीबाईने नेहमीचे प्रश्न सुरू केले तेव्हा तिने हात वर करून थांबवलं.

“गुडघे ठीक आहेत. देखावा नको, बाल्कनी नको. मी अकरा वर्षं रात्रपाळी करतेय. दिवसा डोळा लागत नाही आणि आता रात्रीही लागत नाही. बारा दिवस सुट्टी मिळालीय. मला अंधार हवाय आणि थंडावा हवाय. सकाळी सहाला तोंडावर ऊन आलं तर मी वेडी होईन.”

चौकशीबाई विचार करू लागली. गावातली प्रत्येक जागा सूर्योदयाची बढाई मारायची. पडदे पातळ, खिडक्या पूर्वेला. मनातल्या मनात ती वरच्या आळीपासून खाली येत गेली आणि पुलापाशी येऊन थांबली. मे महिन्यात तिथे भिंती कोरड्या असतात, हे ती त्याच आठवड्यात बघून आली होती. दहापर्यंत ऊन नाही. समोर कडा, मागे ओढा. गाडी फिरकत नाही.

तिने चिठ्ठी लिहिली. पहिल्यांदाच तो पत्ता तिच्या अक्षरात उतरला.

नर्स पहिल्या रात्री झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. भावजय घाबरून तीनदा दाराशी जाऊन कान लावून आली होती. बाराव्या दिवशी नर्स परतीच्या बससाठी स्टँडवर आली तेव्हा खिडकीत डोकावून म्हणाली, “माझ्या वॉर्डातल्या आणखी चौघी आहेत. त्यांनाही तिथेच पाठवते.” तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, पुरेशी झोप झालेल्या माणसाचा दिसतो तसा.

त्या चौघी आल्या. मग चौकशीबाईने विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली: काम दिवसाचं की रात्रीचं? रात्री ट्रक चालवणारा एक जण निघाला, छापखान्यातले दोघे, दुपारी झोपणारी तान्ही मुलं घेऊन आलेल्या आया, उजेडाने डोकं धरून बसणारे एक मास्तर. ज्यांना ज्यांना कड्याची सावली मानवणार होती त्यांना ती पुलापलीकडे पाठवू लागली. बाकीच्यांना पाठवलं नाही. एका जोडप्याने कार्ड दाखवून विचारलं तेव्हा तिने पूर्वीसारखंच स्पष्ट सांगितलं, की तुम्ही उन्हासाठी आलात, तेव्हा ती जागा तुमची नव्हे. जून संपेपर्यंत आठही खोल्यांवर गडद निळे पडदे आले होते. भावजयीने दुहेरी अस्तर लावून शिवले होते ते.

येणारा प्रत्येक जण हातात बहिणीच्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन यायचा. भाऊ त्या चिठ्ठ्या वाचायचा आणि किल्ली द्यायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी तो स्टँडवर आला. खिडकीशी तिघे जण होते, त्यांच्या मागे उभा राहिला. त्याला बघून तिने घाई केली नाही. तिघांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग तो पुढे आला.

“नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद ठेवतोय,” तो म्हणाला. “तुझ्याकडे तशी नोंद कर.”

“पहिल्या तारखेपासून?”

“हो. आणि मार्चचा पहिला आठवडाही धर. भिंती वाळायला वेळ लागतो.”

तिने लिहून घेतलं. तो तिथेच उभा राहिला. मागे कुणी नव्हतं.

“चार महिने करणार काय?” तिने विचारलं.

“वरच्या आळीत सुतारकाम आहे. तीन हॉटेलांनी बोलावलंय.” थोडं थांबून तो म्हणाला, “आईला उद्या आणू की परवा?”

“उद्या आण. आणि आल्यावर जेवूनच जा.”

“बघू,” भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो जेवला. नवऱ्याने त्याला कुठल्या गल्लीत नवी पाइपलाइन पडतेय ते सांगितलं. तो ऐकत होता. जेवण झाल्यावर, हात पुसता पुसता, त्याने बहिणीला विचारलं, “त्या दिवशी दोन मिनिटं थांबली असतीस, मी दांडे घेऊन गेलो असतो, मग सांगितलं असतंस तर?”

“मग ते तुझ्या पाठीमागे झालं असतं,” ती म्हणाली.

“ते मला चाललं असतं.”

“मला नसतं चाललं. पण तुला आधी घरी बोलावून सांगायला हवं होतं, हे खरं.”

त्याने पंचा खुंटीवर अडकवला. मग म्हणाला, “हां. तसं करायला हवं होतंस.” ते प्रकरण पुरतं मिटलं असं कधी झालं नाही आणि त्यावर पुन्हा भांडणही झालं नाही.

पुढच्या वर्षापासून आईचा मुक्काम ठरून गेला: थंडीत लेकीकडे, उन्हाळ्यात लेकाकडे. लेकीकडे असली की म्हणते, इथे स्टँडचा फार कलकलाट. लेकाकडे असली की म्हणते, इथे माणूस दिसत नाही, दिवसभर सगळे झोपलेले.