शालनबाईचं अळणी ताट

...तर त्या कुत्र्याच्या लाल पट्ट्याचं सांगत व्हते मी. लिहितीस ना, स्वप्नाली? मी बोलते तसंच लिही, तुज्या शाळेतलं काय घालू नगंस त्यात.

शालनबाई आपल्या मागच्या चाळीत भाड्यानं ऱ्हायची. बार्शीकडची. चाकनला एका कंपनीच्या कँटिनात पोळ्या लाटायची. नवरा आदीच गेलेला, एकच पोरगा, सुजित. त्यो बी चाकनलाच, गियर बनवायच्या कंपनीत. कंपनीच्या गेटापाशी त्याला एक पिल्लू घावलं. शर्टात घालून घरी आनलं आन नाव ठेवलं गियर. शालनबाई मला म्हनली, "आक्का, लोक कुत्र्याला मोती म्हनतेत, वाघ्या म्हनतेत. आमच्यानं मशिनीचं नाव ठेवलं." पन लाड तिचेच जास्त.

पगार झाला की सुजित आदी गियरची खरेदी करायचा. पट्टे, स्वेटर, रबराचं हाडूक, पावसात घालायचा रेनकोट सुदीक. मी म्हनायची, "आरं, आईला एक छत्री घे की." तर नुसता हासायचा.

आन मग त्यो गेला. सेकंड शिफ्ट करून येताना, कंटेनरखाली. जास्ती न्हाई सांगत.

धाव्याला इंद्रायनीवर पिंडाला कावळा शिवंना. मानूस काय आस धरून गेलंय ते वळखून एकेक जन बोलून बघतंय ना, तसं झालं. सुजितचा मामा म्हनला, तुज्या आईला अंतर देनार न्हाई. कावळा झाडावरच. शेवटी शालनबाई पुढं झाली. "लेकरा, तुज्या गियरला उपाशी ठेवनार न्हाई. तुज्या ताटातलं त्याला घालीन." कावळा उतरला. हासू नगं, मी तितं हुबी व्हते.

तवापासून ती रोज सुजितचं ताट वाढायची. काळ्या मसाल्याचं कालवन, भाकर, आन वरनं मिठाची चिमट, कारन सुजितला समद्यावर वरनं मीठ लागायचं. ताट दारात ठेवून जरा वाट बघायची. आता ह्या टॉवरांत कावळा कुठला यायला? मग तेच ताट गियरपुढं. सुजितनं शेवटची आनलेली खाद्याची गोनी व्हती, त्यातली बी मूठभर वर टाकायची. त्याच्या हातचं म्हनून.

वरीस उलटलं तसं गियर उतरत गेलं. सारखं पानी पेयाचं, उलट्या करायचं, पाठीवरचे केस गेले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला रहिमान एक दिवस म्हनला, "शालनबाई, तुमचा गियर न्यूट्रलवर आलाय. आता डॉक्टरच बघंल." त्यानंच टेम्पोत घातलं. मी बी बसले संगं.

डॉक्टरीन तरनी व्हती, पन धीराची. रगात तपासलं आन म्हनली, "किडन्या खराब झाल्यात. काय खायला देता?" शालनबाईनं कालवनापासून गोनीपर्यंत समदं सांगितलं, मन लावून. मग डॉक्टरीन म्हनली, "मीठ, मसाला, कांदा-लसून, समदं बंद. आळनी भात, अंड्याचं पांढरं, उकडलेला दुध्या. आन हे किडनीचं खाद्य थोडं थोडं. बरं व्हनार न्हाई हो, पन जितके दिवस हाय, सुखात जातील."

"मंजी माज्याच हातानं झालं," शालनबाई म्हनली. डॉक्टरनीनं गियरच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्याकडं बघितलं न्हाई.

टेम्पोत बसल्यावर ती म्हनली, "आक्का, मी शब्द दिलाय. ताट बंद केलं तर सुजित उपाशी. चालू ठेवलं तर गियर जातंय. आन त्याच्याबिगर सुजितचं माज्यापाशी हाय तरी काय?"

दुसऱ्या दिवशी मी आन रहिमानची लेक खुशनुमा तिच्याकडं गेलो. डॉक्टरनीनं सांगितलं व्हतं, घरातलं जुनं खाद्य समदं काडून टाका. अर्दं कपाट कुत्र्याचंच निघालं. खुशनुमा एकेक पाकिटावरची तारीक वाचायची आन बाजूला टाकायची. गोनी उघडली तर किडे, आन तेल खवट झाल्याचा वास. शालनबाई गोनीवर हात टाकून बसली. "ह्याला त्याचा हात लागलाय गं." खुशनुमा तिच्या शेजारी बसून ऱ्हायली. लई येळानं शालनबाईनंच गोनीचं तोंड बांदलं. सोताच उचलली, आमाला हात लावू दिला न्हाई.

मग स्वेटर, पट्टे, रेनकोट. "एका गळ्याला पट्टे तरी किती," म्हनली, आन गॅरेजपाशी फिरत्यात त्या कुत्र्यांसाठी समदं खुशनुमाला दिलं. गियरच्या गळ्यातला लाल पट्टा तेवढा ठेवला.

सांजच्याला तिनं ताट वाढलं. भात, अंड्याचं पांढरं, दुध्या. मिठाचा डबा फळीवरनं खाली आनलाच न्हाई. ताट दारात ठेवलं आन म्हनली, "सुजित, बाबा, आता आपल्याला असंच जेवायचंय. तुज्या गियरला बरं न्हाई."

मी तोंड फिरवलं.

गियर आदी हुंगून मागं सरलं. ती घास करून त्याच्या तोंडाशी धरायची. "खा रं, तुजा दादा बी हेच जेवलाय." आन सोता बी तेच जेवायची. मी एकदा वाटीत ठेचा नेला तर म्हनली, "ऱ्हाऊ द्या, आक्का. त्या दोघांना न्हाई, मग मला कशाला?"

गियर त्या खान्यावर जरा सावरलं. केस आले, शेपूट हालवाया लागलं. पन संक्रांतीनंतरच्या थंडीत गेलं, तिच्या मांडीवरच. रहिमाननं गॅरेजमागच्या लिंबाखाली खड्डा खनला. सुजितची शिफ्ट सुटायच्या येळंला गियर ज्या उंबऱ्यावर बसायचं, त्यो उंबरा तिला बघवंना. कंपनीच्या जवळ म्हनून कुरुळीला खोली घेतली आन गेली. जाताना लाल पट्टा माज्या हातात दिला.

मागं खुशनुमा तिला भेटून आली. म्हनली, आजी, शालनमावशी अजून रोज दारात ताट ठेवते. भात आन दुध्या. आळनीच. खुशनुमानं इचारलं तर म्हनली, "मीठ घालायला हात उचलत न्हाई गं. गियर बी त्याच्याच संगं जेवत आसंल ना आता."

माजे गुडघे बसची पायरी चडू देत न्हाईत, आन शालनबाई फोन उचलत न्हाई. म्हनून हे लिहून घे, स्वप्नाली. हे वाचनारं कोन कुरुळीला जात आसंल, तर चाकनच्या कंपनीच्या कँटिनात पोळ्या लाटनाऱ्या शालनबाईची खोली इचारा आन माजा निरोप द्या. म्हनावं, मोशीच्या सुभद्राबाईनं सांगितलंय, गियर आता बरं हाय, त्याला समदं चालतंय. पोराच्या ताटात मीठ घाल, बाई. चिमटभर वरनं बी घाल.